गोंगाट शिल्लक

आवाजाच्या पहिल्याच तासाला पाक हेंद्रार्तो सरांनी आम्हाला व्याख्या सांगितली होती: गोंगाट म्हणजे गिऱ्हाईकाला नको असलेला आवाज. वर्गातल्या सगळ्यांनी माना खाली घालून ते उतरवून घेतलं. मी नाही घेतलं. मला वाटलं, सर गंमत करतायत. तिसऱ्या वर्षाला आले तेव्हा कळलं की हा माणूस गंमत करत नाही, त्याला ती जमतच नाही.

सेमारांगच्या आमच्या मीडिया कॉलेजात ते ध्वनी आणि संकलन शिकवायचे. कान मात्र पक्का, ते मी नाकारणार नाही. दोन शॉट कुठे जोडायचे, बोलणाऱ्याचा श्वास कुठे ठेवायचा आणि कुठे उडवायचा, हे त्यांच्याइतकं नीट समजावणारं दुसरं कुणी नव्हतं. पण कॉलेजबाहेर त्यांचा स्वतःचा फिल्मचा धंदा होता, आणि त्यातली कामं ते आमच्याकडून प्रात्यक्षिकाच्या नावाखाली फुकटात काढून घ्यायचे. वर आभार आम्हीच मानायचे.

तसं माझं खरं शिक्षण कॉलेजच्या आधीच सुरू झालं होतं, करांगसोनो गावात, पाकदेंच्या ओसरीवर. पाकदे म्हणजे माझे थोरले काका, जुमेनो त्यांचं नाव. आमच्या भागात ज्याच्या घरी गाणारा पक्षी नाही त्याला मुलगी देताना लोक दोनदा विचार करतात, आणि पाकदेंकडे तर ग्लुडुग होता. लांब शेपटीचा, तांबूस पोटाचा मुराई. ग्लुडुग म्हणजे ढगांचा गडगडाट, आणि नाव ठेवणाऱ्यानं काही जास्त सांगितलं नव्हतं. तो गायला लागला की शेजारचे पक्षी गप्प बसायचे आणि शेजारची माणसं चहा घेऊन आमच्या ओसरीवर यायची.

नव्या पिलांना गाणं शिकवायला नावाजलेल्या पक्ष्याचा आवाज टिपून तो पिंजऱ्याजवळ लावून ठेवतात. ग्लुडुगचा आवाज सगळ्यांनाच हवा असायचा. तो मी टिपायचे आणि जुन्या कॉम्प्युटरवर बसून साफ करायचे. मध्येच बुदेंनी, म्हणजे काकूंनी, पाकदेंना हासडलेलं काहीबाही कापायचं, मोटरसायकल काढायची, कुणाची शिंक काढायची, आणि जोड असा द्यायचा की पिलालासुद्धा कळू नये. पक्ष्याला फसवणं माणसाला फसवण्यापेक्षा अवघड असतं, हे मी तिथेच शिकले.

एका आवाजाला मात्र पाकदे मला हात लावू द्यायचे नाहीत. गल्लीतून नूडल्सची गाडी नेणारा कांग दार्सिम कढईवर झारा आपटायचा: टक्, टक्-टक्, टक्. ग्लुडुगनं ते उचललं होतं. गाण्याच्या ऐन भरात हा पठ्ठ्या मध्येच थांबायचा, टक्, टक्-टक्, टक् करायचा, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा ताना घ्यायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीत पंचांनी त्याचेच गुण कापले आणि पाकदे हात हलवत परत आले. गाव हसून हसून लोळला. दार्सिम तर महिनाभर छाती काढून फिरत होता.

मग गावामागे कोळशावरचं वीज केंद्र आलं. आधी एक धुरांडं, मग दुसरं, आणि त्यांच्याबरोबर घरघर. ती फार मोठी नाही, पण थांबत नाही. फडताळातली भांडी किणकिणत राहतात. छातीत कुणीतरी सारखं बोट टोचत असल्यासारखं वाटतं. पिंजऱ्यातले पक्षी एकेक करत गप्प झाले, तेव्हा लोकांनी ते डोंगराकडच्या पाहुण्यांकडे पाठवून दिले. पाकदेंचा जीव होईना. दुसरं धुरांडं सुरू झालं त्या वर्षी ग्लुडुग मुका झाला आणि मग मेला. आता तिसरं यायचं होतं, थेट पाकदेंच्या स्वयंपाकघरामागे. गावानं तक्रारी केल्या, तेव्हा आवाज मोजायला माणसं आली. ती यायची त्या दिवशी केंद्र नेमकं निम्मं बंद. दर वेळी.

आणि अशात पाक हेंद्रार्तोंनी मला लॅबमध्ये बोलावून एक फिल्म समोर ठेवली. केंद्राच्या कंपनीनं त्यांच्याकडून करून घेतलेली. तिसऱ्या धुरांड्याच्या जाहीर सुनावणीत ती दाखवायची होती, केंद्राशेजारच्या गावात सगळं कसं आनंदीआनंद आहे ते कळावं म्हणून. चित्राचं संकलन झालं होतं. आवाज माझ्याकडे. पहिलाच शॉट आला आणि मी खुर्चीत ताठ झाले. पडद्यावर आमची करांगसोनोची मशीद होती.

त्यांनी काम समजावलं. खाली जी घरघर आहे ती पूर्ण काढायची. मग फार सुनं वाटेल, म्हणून वर पक्षी घालायचे. माझे वर्षाचे प्रात्यक्षिकाचे गुण याच कामावर.

मी सांगितलं की हे माझ्या काकांचं गाव आहे आणि तिथे ही घरघर खरोखर असते. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"मग बरंच झालं की," ते म्हणाले. "तिथे कुठले पक्षी बोलतात ते तुला ठाऊक असणार. उगीच भलतेसलते घालू नकोस, गावचेच घाल."

"तिथे आता एकही पक्षी बोलत नाही, सर."

"वेनिंग, तू संकलक आहेस की सरपंच? नको असेल तर सांग, रांगेत दुसरे उभे आहेत. तुझं वर्ष गेलं तर मला दोष देऊ नकोस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी काम घेतलं. दुसऱ्याच्या हातात गेलं असतं तर त्यानं ते गुमान केलं असतं, आणि ते मला त्याहून सहन झालं नसतं.

घरघर काढायला बसले. नुसत्या घरघरीचा एक तुकडा घ्यायचा, कॉम्प्युटरला सांगायचं की हे जिथे जिथे दिसेल तिथून पुसून टाक. पुसलं. आणि ऐकलं तर माझंच मला हसू आलं आणि मग मी पुन्हा एकदा लावून ऐकलं. फिल्ममधली सगळी माणसं ओरडत होती. शांत, स्वच्छ अंगणात खुर्चीवर बसून, समोर हातभर अंतरावर असलेल्या मुलाखतवाल्यावर ओरडत होती. "कंपनीनं शाळेला पत्रे दिले!" असं एक बाई अशी सांगत होती की जणू नदीच्या पलीकडच्या कुणाला हाक मारतेय. वर्षानुवर्षं त्या घरघरीवरून बोलून बोलून गावाचा आवाजच चढला होता, आणि मी आजवर ते ध्यानातच घेतलं नव्हतं, कारण तिथे गेले की मीही तशीच बोलायचे.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, आवाजाची पातळी खाली आण. आणली. पण ओरडणं हळू केलं म्हणून ते बोलणं होत नाही, गळ्याच्या शिरा पडद्यावर दिसतातच. तेव्हा सर म्हणाले की पक्षी जरा जास्त घाल म्हणजे लक्ष तिकडे जाईल. कामातलं त्यांना सगळं येत होतं, हेच वाईट होतं.

रविवारी मी करांगसोनोला गेले. पाकदे ओसरीवर लवंगी सिगारेट ओढत बसले होते, रिकामा पिंजरा अजून तिथेच खुंटीवर. मी फिल्मबद्दल सगळं सांगितलं आणि मग ज्यासाठी गेले होते ते विचारलं. फिल्ममध्ये ग्लुडुगचा आवाज घालू का? पक्षी घाला म्हणतात ना, गावचाच घाला म्हणतात ना, मग हाच घालते. अख्ख्या सभागृहात गावचं प्रत्येक माणूस त्याला ओळखेल. मेलेला पक्षी आजच्या गावात गातोय म्हटल्यावर ही फिल्म काय लायकीची आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही.

बुदे आतून सोयाबीनचे तेंपे तळता तळता ऐकत होत्या. झारा हातात घेऊनच बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या की तुझ्या बापानं तुला शिकायला पाठवलंय, आमच्यासाठी नापास व्हायला नाही. मी म्हटलं नापास झाले तर पुन्हा बसेन. त्या म्हणाल्या, जीभ बघा पोरीची.

पाकदेंनी रिकाम्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. तो गेल्यापासून त्यांनी त्याचा आवाज एकदाही लावून ऐकला नव्हता, हे मला माहीत होतं.

"घाल, पोरी," शेवटी ते म्हणाले. "पण त्याचं टक्-टक् कापू नकोस. तेवढ्यासाठी मी फायनल हरलोय."

मी कापलं नाही. उलट जिथे मशीद दिसते, जिथे पोरं शाळेत जाताना दिसतात, जिथे सगळ्यात निवांत वाटतं, तिथे ते नेमकं बसवलं. काम असं केलं की तसं आजवर कधी केलं नव्हतं. अंगणात झाडावर बसून गातोय असा थोडा लांबून, थोडा पानांआडून. मूळ ध्वनीची पट्टी मी पुसली नाही, नुसती बंद करून खाली ठेवून दिली. सरांनी ऐकलं आणि खूष झाले. त्या टक्-टक्पाशी भुवया उंचावून विचारलं, हा सुतारपक्षी का? मी म्हटलं, गावचाच आहे सर. शहरात वाढलेला माणूस, घरी मांजर पाळतो, त्याला काय कळणार.

सुनावणी सकाळी होती. खुर्च्या, व्यासपीठाला पिवळी झालर, प्रत्येकाच्या हातात खाऊचा पुठ्ठ्याचा डबा. अध्यक्षस्थानी बू प्रामेस्ती नावाच्या अधिकारी होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, अनुभवांनी पोळलेल्या आणि कुणावरच विश्वास न ठेवणाऱ्या. कंपनीची माणसं पुढे, गाव मागे. फिल्म चालवायला मी बाजूला टेबलावर कॉम्प्युटर घेऊन, आणि माझ्या शेजारी सर, नव्या बातिकच्या शर्टात.

फिल्म सुरू झाली. ग्लुडुग गायला लागला.

मला वाटलं होतं लोक उठतील, आरडाओरडा होईल. झालं भलतंच. अख्खा गाव ऐकत बसला. पक्ष्यांच्या नादापायी आयुष्य घालवलेली माणसं ती, इतक्या वर्षांनी तो गळा ऐकला आणि त्यांच्या माना आपोआप डोलायला लागल्या. टक्, टक्-टक्, टक् आलं आणि मागून हशा उठला. कंपनीची माणसंही हसली. बू प्रामेस्ती वळून शेजाऱ्याला म्हणाल्या की काय प्रसन्न गाव आहे. पाकदेंकडे पाहिलं तर ते दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. ते उठतील ही आशा मी तिथेच सोडली. मी स्वतःच्या हातानं कंपनीला गावाचं हसू मिळवून दिलं होतं.

तेवढ्यात कांग दार्सिम उठला. तो मोठ्यानं बोलला, पण तो नेहमीच तसं बोलतो.

"बाई, हा ग्लुडुग आहे. हे टक्-टक् माझ्या कढईचं आहे. हा पक्षी मेलाय. गावात आता पक्षी नाहीत."

हशा थांबला. बू प्रामेस्तींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं की हा आवाज कुणी घातला. सर ताडकन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, विद्यार्थिनीची चूक झाली, चुकून भलतीच फाइल जोडली गेली, दुरुस्त करून देतो. त्यांनी मला पळवाट दिली होती. नुसतं गप्प बसले असते तर वर्ष वाचलं असतं.

"चूक नाही," मी म्हटलं. "मी ठरवून घातलाय. मला पक्षी घालायला सांगितलं कारण खाली केंद्राची घरघर आहे आणि ती झाकायची होती. ती ऐकवते."

सरांचा हात कॉम्प्युटरच्या झाकणावर आला. मी तो बाजूला केला, शिक्षकाचा हात, होय, आणि मूळ ध्वनीची पट्टी उघडली. सभागृहाचे कर्णे मोठे होते. घरघर जमिनीतून आली. टेबलावरच्या ग्लासांची झाकणं वाजायला लागली, कुणाचं तरी तान्हं पोर रडायला लागलं. पडद्यावर ती बाई शाळेच्या पत्र्यांबद्दल सांगत होती, आणि आता तिचं ओरडणं अगदी बरोबर वाटत होतं.

"आवाज कमी करा," बू प्रामेस्ती म्हणाल्या.

"गावात तो कमी करायला बटण नाही, बाई."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मी फिल्म संपेपर्यंत आवाज तसाच ठेवला. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

पण त्या बाई साध्या नव्हत्या. फिल्म संपल्यावर त्यांनी मला उभं केलं आणि शांतपणे विचारलं, तू मेलेला पक्षी जिवंत करून गावात बसवू शकतेस, तर नसलेली घरघरही बसवू शकतेस, नाही का? माझ्याच हुशारीनं माझी वाट अडवली होती. कंपनीचा वकील लगेच म्हणाला की पोरगी गावचीच आहे, काकाचं घर तिथे आहे. बाईंनी सरांना विचारलं, मूळ चित्रीकरणात हा आवाज होता का? कॅमेरा सरांचाच, माणसं सरांचीच. सरांनी काखा वर केल्या. तपासावं लागेल म्हणाले, आठवत नाही म्हणाले. शेवटी बाईंनी सुनावणी पुढच्या महिन्यावर ढकलली आणि गावाला सांगितलं की ही घरघर मूळचीच आहे असं ध्वनीच्या जाणकाराचं लेखी मत आणा, मग विचार करू.

जाणकार आणायचा कुठून? आमच्या भागात ध्वनीचा जाणकार म्हणून एकच माणूस सगळ्यांना ठाऊक, आणि तो नव्या बातिकच्या शर्टात माझ्याकडे न बघता बाहेर पडत होता. टेम्पोत बसताना बुदे मला म्हणाल्या की एवढा शहाणपणा केलास तर पुढचा पण विचार करायचा होतास. मला राग आला होता, सगळ्यांचा, पण पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.

प्रात्यक्षिक जमा करायच्या दिवशी मी तीच फिल्म जमा केली. पक्षी काढून टाकला होता. मूळ आवाज, जसाच्या तसा, वरून कसलाही हात न फिरवता. वर्गातल्या पोरांनी मला वेड्यात काढलं. निदान माफी माग आणि घरघर काढून दे, ते पास करतील, असं माझी मैत्रीण तुटिक मला जिन्यापर्यंत समजावत आली. मी म्हटलं, नापास करायचं तर खऱ्या आवाजावर करू देत.

सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दुसऱ्या दोन शिक्षकांना मुद्दाम बसवून घेतलं होतं, माझा उद्धटपणा त्यांनाही दिसावा म्हणून. फिल्म पाच मिनिटं चालवली, बंद केली.

"अनुत्तीर्ण," ते म्हणाले. "रडू नकोस."

"रडत नाहीये, सर. कारण लिहून द्या."

"तुला वाटतं मी लिहायला घाबरतो?"

त्यांनी गुणपत्रिका ओढली. रागात त्यांचं अक्षर फार सुंदर यायचं. एकेक शब्द स्वतःशीच म्हणत त्यांनी लिहिलं, आणि बाकीचे दोघं माना हलवत राहिले: "मूळ चित्रीकरणात यंत्राची मोठी आणि अखंड घरघर स्पष्ट ऐकू येते. ती ध्वनिमुद्रणाच्या वेळचीच आहे. विद्यार्थिनीने ती काढलेली नाही. गोंगाट शिल्लक. अनुत्तीर्ण." खाली तारीख, पूर्ण नाव, आणि ध्वनी विभागप्रमुख.

मी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग कागद त्यांच्यासमोर परत सरकवला.

"सर, शिक्का राहिला."

त्यांनी शिक्का असा आपटला की टेबल हललं. मी दोन्ही हातांनी कागद घेतला, तिघांनाही वाकून नमस्कार केला आणि दाराकडे निघाले.

"कुठे निघालीस? माझं बोलणं संपलेलं नाही."

"झेरॉक्स काढायला," मी म्हटलं. "पुढच्या सुनावणीला जाणकाराचं लेखी मत लागणार आहे."